कोर्टाच्या लेखी 'एक इसम'

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९११ रोजी एक निकाल दिला. निकाल अगदी छोटा आहे. लिहिणारे न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स, म्हणजे त्या देशाच्या न्यायशास्त्रातलं फार मोठं नाव. खटला होता कॅलेम नावाची चित्रपट कंपनी विरुद्ध हार्पर ब्रदर्स हे पुस्तक-प्रकाशक. खटल्याची हकीकत सांगताना होम्ससाहेब सुरुवातीलाच लिहितात की, 'बेन हर' ही कादंबरी वाचून तिच्यातल्या काही भागांचं, अभिनयाने करून दाखवता येईल असं वर्णन लिहून काढण्यासाठी कॅलेम कंपनीने एक माणूस कामाला लावला. मूळ इंग्रजीत 'मॅन' असा शब्द आहे. आपल्या कोर्टकचेरीच्या मराठीत सांगायचं तर 'एका इसमास कामी लाविले'.

हा इसम म्हणजे एक बाई होती. तिचं नाव जीन गाँटियर.

वाचकहो, मी काही सिनेमाची अभ्यासक नव्हे. आयुष्य शाळेत मराठी आणि इतिहास शिकवण्यात गेलं. पण इतिहास शिकवणाऱ्याला एक खोड लागते. कुठल्याही जुन्या कागदात 'एकाने', 'कोणी एक', 'एक इसम' असं दिसलं की तो कोण, हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही. बखरींत नाही का, लढाईत पडलेल्या सरदारांची नावं येतात आणि पुढे 'व इतर लोक' असं लिहून मोकळे होतात! त्या 'इतर लोकां'मागे आम्ही फिरत असतो. तर या एका इसमाची ही गोष्ट.

जीनचं पूर्ण नाव जेनेव्हीव्ह. जीन हे त्याचं छोटं रूप. अमेरिकेत हे नाव पुरुषांचंही असतं (आपल्या पिढीला जीन केली हा नाचणारा नट आठवेल), पण कोर्टाचा गोंधळ नावामुळे झाला असं मला वाटत नाही. कोर्टाला नाव हवंच नव्हतं. असो. ही बाई मूळची रंगभूमीवरची नटी, गावोगाव फिरणाऱ्या नाटक कंपन्यांमधली. आपल्याकडच्या नाटक कंपन्यांच्या दौऱ्यांचं वर्णन ज्यांनी वाचलं आहे त्यांना हे जीवन वेगळं सांगायला नको. दोन नाटकांच्या मध्ये काम नसलं की पोटाची पंचाईत. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये 'हलती चित्रं' काढणाऱ्या कंपन्या दिवसाच्या रोजावर नट घेत. रंगभूमीवरच्या मंडळींना हे काम कमीपणाचं वाटे. पडद्यावर नाव येत नसे, ते एका परीने बरंच, कोणी ओळखलं तर काय घ्या!

१९०६ साली 'द पेमास्टर' नावाच्या चित्रपटात तिला पहिलं काम मिळालं ते नदीत फेकून दिल्या जाणाऱ्या नायिकेचं. पोहता येत नव्हतं. तरी ती गेली पाण्यात. पुढची दहा-बारा वर्षं तिने जे काही केलं त्याची ही चुणूक म्हणायला हरकत नाही.

कॅलेम कंपनी निघाली १९०७ मध्ये. क्लाइन, लाँग आणि मॅरियन या तिघा भागीदारांच्या आडनावांची आद्याक्षरं के, एल, एम. ती एका दमात म्हटली की 'कॅलेम'. दिग्दर्शक सिडनी ऑल्कॉट. आता या कंपनीत कथा कोण लिहीत असे? कोणीच नाही! भागीदारांपैकी फ्रँक मॅरियन हे वापरलेल्या पाकिटाच्या पाठीवर चार ओळी खरडून ऑल्कॉटच्या हातात देत. त्यात दृश्यं किती, माणसं किती, शेवट काय, एवढंच. बाकीचं मैदानावर गेल्यावर. हजार फुटांचं एक रीळ, चाललं तर दहा-पंधरा मिनिटं, आणि ते विकलं जाई फुटावर. कापडासारखं! फुटावर विकल्या जाणाऱ्या मालाला लेखक कशाला लागतो, असा हिशेब.

पण प्रेक्षक वाढले, दर आठवड्याला नवीन रीळ हवं झालं, आणि पाकिटाची पाठ पुरेना. मग कंपनीतल्या कोणाला लिहिता येतं का, अशी चौकशी झाली आणि काम जीनवर आलं. तिने पहिल्यांदा हात घातला तो मार्क ट्वेनच्या 'टॉम सॉयर'ला. ट्वेन तेव्हा हयात होते. त्यांना कोणी विचारलं? छे. पुस्तक दुकानात मिळतं, वाचलं, त्यातून दृश्यं काढली, चित्रण केलं. सगळ्याच कंपन्या हेच करत होत्या. यात कोणाला चोरी वाटत नव्हती, हे समजून घ्यायला आपल्याला अवघड जाऊ नये. कीर्तनकाराने नळदमयंतीचं आख्यान लावलं तर व्यासांच्या वारसांची परवानगी काढायला कोण जातं? गोष्ट ही सर्वांची. सांगणारा आपापल्या परीने सांगतो. सिनेमा हाही असाच एक नवा सांगणारा आहे अशी समजूत होती.

आणि मग आलं 'बेन हर'.

ही कादंबरी १८८० साली हार्परने प्रकाशित केली. लेखक ल्यू वॉलेस हे यादवी युद्धात लढलेले सेनापती. येशूच्या काळातला एक ज्यू तरुण, रोमन मित्राने केलेला घात, गलबतावरची गुलामी आणि शेवटी रथांच्या शर्यतीत उगवलेला सूड, असं कथानक. अमेरिकेत घरोघरी बायबलच्या शेजारी हे पुस्तक असे म्हणतात. नाटक करायला वॉलेस बरीच वर्षं तयार नव्हते. शेवटी १८९९ मध्ये क्लॉ आणि अर्लँगर या नाट्यनिर्मात्यांना परवानगी दिली ती एका अटीवर, की कोणा नटाने येशू रंगवायचा नाही. रंगमंचावर येशूच्या जागी प्रकाशाचा एक झोत येई. रथाची शर्यत मात्र खरी. रंगमंचात बसवलेल्या सरकत्या पट्ट्यांवर जिवंत घोडे दौडत! हे नाटक वर्षानुवर्षं चाललं. म्हणजे 'बेन हर' हे नाव तोवर नुसतं पुस्तक राहिलं नव्हतं, ती चांगली चालती पेढी झाली होती.

१९०७ मध्ये ब्रुकलिनजवळ समुद्रकिनाऱ्यावर 'पेन' कंपनीचा आतषबाजीचा मोठा खेळ चालू होता. त्याचे भव्य पडदे, पोशाख, माणसं सगळं हाताशी होतं. शीप्सहेड बे इथे घोड्यांच्या शर्यतीचं मैदान होतं. कॅलेमच्या मालकांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: इतकं सगळं आयतं आहे, रथांची शर्यत घेऊन टाकू! आणि जीनला सांगण्यात आलं की 'बेन हर'ची कथा लिही, आणि लवकर लिही.

मी नववीच्या वर्गाला सारांशलेखन शिकवत असे. उताऱ्याचा एक तृतीयांश करा, म्हटलं की मुलं रडकुंडीला येत. या बाईने पाचशेच्या वर पानांची कादंबरी सोळा दृश्यांत बसवली, आणि तीही मुकी! संवाद नाही, निवेदक नाही. काय ठेवायचं? गच्चीवरचं कौल निसटून रोमन अधिकाऱ्याच्या डोक्यात पडतं ते ठेवलं, कारण तिथून गोष्ट सुरू होते आणि ते डोळ्यांना दिसतं. साखळदंडात बांधून नेणं ठेवलं. पैज ठेवली. शर्यत ठेवली. नायकाच्या मनातली उलघाल, धर्मचिंतन, प्रेमप्रकरण, वर्णनं सगळं बाजूला. जे पाहून कळेल तेच. आज आपण पटकथा म्हणतो तिचं मर्म याहून वेगळं काय आहे? पण हे तेव्हा कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं आणि शिकवणारं कोणी नव्हतं.

चित्रपट टिकून आहे. नातवाने मला तो इंटरनेटवर लावून दिला. खरं सांगायचं तर पाहायला फारसा थोर नाही. कॅमेरा एका जागी खिळलेला, माणसं मुंगीएवढी, हातवारे अफाट. रथ येतात आणि जातात. कॉलेजात असताना आम्ही चार्ल्टन हेस्टनचा 'बेन हर' मॅटिनीला पाहिला होता, त्याच्या शर्यतीने श्वास रोखला होता. तो मनात ठेवून हा पाहिला तर हसू येतं. पण १९०७ च्या प्रेक्षकाने हेस्टन पाहिलेला नव्हता. त्याला हे पुरेसं होतं. आणि मुख्य म्हणजे, पुस्तक वाचलेल्या माणसाला ही 'बेन हर'चीच गोष्ट आहे हे चटकन ओळखू येतं. कंपनी नेमकी तिथेच अडकली.

हार्पर, वॉलेस यांचे वारस (वॉलेस १९०५ मध्ये वारले होते) आणि नाटकवाले यांनी मिळून दावा लावला. कॅलेमची बाजू ऐकण्यासारखी आहे. कंपनीचं म्हणणं असं, की १८९१ च्या दुरुस्तीने लेखकाला त्याच्या पुस्तकाचं नाटक करण्याचा हक्क दिला आहे, कबूल. पण आमचं हे नाटक कुठे आहे? यात एक शब्द बोलला जात नाही. ही छायाचित्रं आहेत. यंत्राने काढलेली, यंत्राने दाखवलेली. शिवाय दाखवतो तरी कुठे आम्ही? आम्ही रिळं विकतो, दाखवणारे दुसरे.

खालच्या कोर्टांत कॅलेम हरली, मग सर्वोच्च न्यायालयात गेली. होम्सनी दिलेलं उत्तर वाचताना मला फार आनंद झाला, कारण ते एखाद्या चांगल्या मास्तराने समजावावं तसं आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: नाटक बोलूनच करावं लागतं असं नाही. मूकाभिनयानेही नाटक होतं. आता हा मूकाभिनय प्रेक्षकांनी थेट न पाहता आरशात पाहिला तर ते नाटक राहणार नाही का? राहील. मग चित्रपट म्हणजे त्या आरशाहून थोडं फिकं प्रतिबिंब. आणि विकण्याबद्दल म्हणाल, तर तुम्ही ही रिळं याच कामासाठी वापरा म्हणून जाहिराती केल्यात. ज्या कामासाठी माल विकला, त्या कामाची जबाबदारी टळत नाही. संपलं! कॅलेमने पंचवीस हजार डॉलर देऊन प्रकरण मिटवलं असं सांगतात. त्या काळात एक रीळ किती खर्चात निघे, हे पाहता आकडा डोळे पांढरे करणारा होता.

या निकालाने सिनेमाच्या धंद्याचं रूप पालटलं असं मी म्हणते तेव्हा ती अतिशयोक्ती नाही. कंपन्यांना कळलं की आता दुकानातून पुस्तक आणून चालणार नाही. एक तर हक्क विकत घ्या किंवा नवी गोष्ट लिहून घ्या. गोष्टीला किंमत आली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९१२ मध्ये, कायद्यात दुरुस्ती होऊन चित्रपट हा स्वतंत्र प्रकार म्हणून स्वामित्वहक्काच्या यादीत बसला. कंपन्यांनी कथाविभाग उघडले, 'चित्रपटकथा कशी लिहावी' अशी पुस्तकं निघाली, टपालाने शिकवण्या सुरू झाल्या, आणि सामान्य माणसं, विशेषतः घरी बसलेल्या बायका आणि मुली, गोष्टी लिहून पाठवू लागल्या. अनिता लूस नावाच्या कॅलिफोर्नियातल्या तरुणीने अशीच टपालाने एक गोष्ट बायोग्राफ कंपनीला पाठवली. तिचे पंचवीस डॉलर आले, आणि १९१२ मध्ये ग्रिफिथने तीवर 'द न्यूयॉर्क हॅट' काढला, मेरी पिकफर्डला घेऊन. पुढे ही लूसबाई हॉलिवूडच्या सर्वांत चतुर लेखिकांपैकी एक झाली. फ्रान्सिस मॅरियन तर तिच्याही पुढे गेली. १९३० च्या 'द बिग हाउस'साठी लेखनाचं ऑस्कर मिळवणारी ती पहिली स्त्री. या सगळ्यांच्या मानधनाच्या पावत्यांमागे तो १९११ चा निकाल उभा आहे, आणि निकालाच्या मागे जीनची ती सोळा दृश्यं. तिच्या लेखनाला नाव नव्हतं, पण त्या लेखनामुळे लेखन ही मालमत्ता आहे हे ठरलं.

इथे थोडं स्वतःबद्दल सांगते. शाळेत असताना बावीस वर्षं मी गॅदरिंगची नाटुकली लिहिली. छापील कार्यक्रमपत्रिकेत दिग्दर्शन, नेपथ्य, रंगभूषा, ध्वनिक्षेपक सगळ्यांची नावं असत, आणि नाटुकल्यापुढे 'सादरकर्ते: इयत्ता आठवी ब' एवढंच. मला त्याचं तेव्हा विशेष काही वाटलं नाही. मुलं खूष असत. पण हा निकाल वाचताना ती पिवळी पत्रिका डोळ्यांपुढे आली खरी.

जीनकडे परत येऊ. खटला कोर्टात रेंगाळत होता तेव्हा ही बाई घरी बसली नव्हती. कॅलेमची मंडळी हिवाळ्यात फ्लोरिडात जॅक्सनव्हिलला जात, न्यूयॉर्कच्या थंडीत बाहेर चित्रण होईना म्हणून. तिथे १९०९ मध्ये तिने 'गर्ल स्पाय' ही मालिका लिहिली. यादवी युद्धातली दक्षिणेकडची गुप्तहेर मुलगी, मुलाचा वेष करून शत्रूच्या गोटात शिरते, घोडा फेकते, पूल उडवते. लिहायचंही हिनेच आणि करायचंही हिनेच! हाडं खिळखिळी झाल्यावर तिने वैतागून आपल्या नायिकेचं लग्न लावून दिलं, म्हणजे एकदाची सुटका. पण चित्रगृहवाले कुठे ऐकतात? आणखी हवं, आणखी हवं. शेवटी लग्नाआधीच्या, 'आजवर न सांगितलेल्या' कामगिऱ्या लिहाव्या लागल्या. (शेरलॉक होम्सला कड्यावरून ढकलून देऊनही कॉनन डॉइलची सुटका झाली नव्हती, तोच प्रकार.)

१९१० मध्ये ऑल्कॉट आणि ती आयर्लंडला गेले आणि 'द लॅड फ्रॉम ओल्ड आयर्लंड' काढला. अमेरिकन कंपनीने परदेशात जाऊन काढलेल्या पहिल्या कथाचित्रांत त्याची गणना होते. पुढल्या वर्षी पुन्हा गेले, किलार्नीजवळ ब्यूफोर्ट नावाच्या खेड्यात मुक्काम ठोकला. आयर्लंड तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात, आणि यांनी 'रोरी ओमोर' ही बंडखोराची कथा चित्रित केली. अधिकारी नाराज झाले यात नवल नाही. आयर्लंडमध्ये आजही या मंडळींना 'ओ'कॅलेम' असं लाडाने म्हणतात.

डिसेंबर १९११ मध्ये, म्हणजे निकाल लागला त्याच्या पुढच्याच महिन्यात, ही मंडळी इजिप्तला निघाली. कल्पना होती वाळवंटातल्या चार-दोन अरबी गोष्टी काढण्याची. तिथे जीनला ऊन लागून ती आजारी पडली, आणि पडल्या पडल्या तिला सुचलं की इतक्या दूर आलोच आहोत, पॅलेस्टाईन शेजारी आहे, तर येशूचं चरित्र त्याच्या खऱ्या भूमीवर का करू नये? असं तिनेच पुढे आपल्या आठवणींत लिहिलं आहे. वॉलेसने ज्या गोष्टीला बंदी केली होती, तीच! पटकथा तिने लिहिली आणि मेरीची भूमिकाही तिने केली. येशूसाठी लंडनहून रॉबर्ट हेंडरसन-ब्लँड हा नट आणवला. या वेळी मात्र कोणी दावा लावील अशी भीती नव्हती. चारही शुभवर्तमानांवर कोणाचा स्वामित्वहक्क असणार? पडद्यावरच्या पाट्यांत बायबलमधलीच वचनं घातली.

हा चित्रपट, 'फ्रॉम द मँजर टू द क्रॉस', १९१२ चा. तोही इंटरनेटवर पाहायला मिळतो, आणि हा मात्र खरोखर पाहण्याजोगा आहे. हेरोदाच्या भयाने मेरी आणि योसेफ बाळाला घेऊन इजिप्तला पळतात, त्या दृश्यात मागे खरे पिरॅमिड आणि खरा स्फिंक्स! त्या दगडी तोंडापुढे गाढव आणि त्याच्याजवळ दमलेली माणसं. पडद्यावर रंगवलेल्या देखाव्यांची सवय असलेल्या १९१२ च्या माणसाला काय वाटलं असेल याची कल्पना करा. जेरुसलेमच्या अरुंद गल्ल्यांतून क्रूस वाहून नेण्याचं दृश्यही तिथलंच. १९९८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतन करण्यासाठी याची निवड झाली.

(आपल्या वाचकांच्या मनात लगेच दादासाहेब फाळके आले असणार. फाळक्यांनी गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा जो चित्रपट पाहिला तो १९१०-११ चा सुमार. तेव्हा हा निघालाच नव्हता. तो दुसरा, आधीचा.)

ऑक्टोबर १९१२ मध्ये लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये चित्रपट दाखवला गेला, आणि पाद्र्यांना आवडूनसुद्धा वाद पेटला. देवाला पडद्यावर आणायचं म्हणजे काय! १९१३ च्या आरंभी ब्रिटनचं चित्रपट परीक्षण मंडळ कामाला लागलं तेव्हा त्याचे पक्के निषेध दोनच होते: नग्नता नको, आणि ख्रिस्त पडद्यावर नको. दुसऱ्या निषेधामागे या चित्रपटावरचा गदारोळ होता असं मानलं जातं. म्हणजे पाहा, एकाच लेखिकेच्या एका पटकथेने अमेरिकेत कायदा पक्का केला आणि दुसरीने इंग्लंडात सेन्सॉरला नियम पुरवला. आणि दोन्हीकडे लेखिकेचं नाव घ्यायचं कोणाला कारण पडलं नाही.

चित्रपट प्रचंड चालला. त्याच सुमारास ऑल्कॉट आणि जीन कॅलेम सोडून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची कंपनी काढली. तिचं नाव 'जीन गाँटियर फीचर प्लेअर्स'. पाच वर्षं दुसऱ्याच्या नावाखाली लिहिल्यावर पाटीवर स्वतःचं नाव! सोबत तिचा नट-नवरा जॅक क्लार्क. काही काळ बरं चाललं. ऑल्कॉट पुढे वेगळे झाले. १९१५ मध्ये ती युनिव्हर्सल कंपनीत गेली. पण तोवर धंदा मोठा झाला होता. मोठे स्टुडिओ, मोठी भांडवलं, लिहिणारा वेगळा, कापणारा वेगळा, परवानगी देणारा तिसराच. पाकिटाच्या पाठीवरून ज्यांनी सुरुवात केली त्यांना या कारखान्यात जागा सापडेना. १९१८ मध्ये घटस्फोट झाला. १९२० च्या आसपास तिचं चित्रपटांतलं काम थांबलंच.

जिला ती कादंबरी पडद्यावर आणण्याची पुढची संधी मिळाली तिचं काय झालं, हेही सांगण्यासारखं आहे. जून मॅथिस ही त्या वेळची अतिशय वजनदार पटकथालेखिका. व्हॅलेंटिनोला १९२१ च्या 'फोर हॉर्समेन'मधून पुढे आणणारी ती हीच. 'बेन हर'चे हक्क आता रीतसर, भली मोठी किंमत देऊन घेतलेले. मॅथिसने पटकथा लिहिली, इटलीत चित्रण सुरू झालं, आणि १९२४ मध्ये कंपन्यांचं विलीनीकरण होऊन एमजीएम जन्माला येताच दिग्दर्शक, नायक आणि मॅथिस तिघांनाही काढून टाकलं. १९२५ चा तो गाजलेला मूकपट दुसऱ्यांनी लिहून पुरा केला. दोन वर्षांनी, १९२७ मध्ये, न्यूयॉर्कच्या एका नाट्यगृहात नाटक पाहताना मॅथिस हृदयविकाराने गेली.

आणि १९५९ चा 'बेन हर', आमचा मॅटिनीचा? बारा ऑस्करांसाठी त्याचं नामांकन झालं, अकरा मिळाली. जे एक हुकलं ते कशाचं? पटकथेचं! श्रेयनामावलीत एकट्या कार्ल टनबर्गचं नाव होतं. ख्रिस्तोफर फ्राय आणि गोर विडाल यांनीही लिहिलं होतं, त्यावरून लेखक संघटनेत मोठं भांडण झालं, आणि त्या भांडणाने ते बक्षीस घालवलं असं पुष्कळांचं मत आहे. पुस्तकाला शाप होता असं मी म्हणणार नाही, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण बावन्न वर्षांत तीनदा पडद्यावर आलेल्या या कथेत तिन्ही वेळा 'लिहिलं कोणी' हाच प्रश्न आडवा यावा, ही गंमत आहे खरी.

त्या १९५९ साली जीन गाँटियर हयात होती. तिने १९२८-२९ मध्ये 'वूमन्स होम कंपॅनियन' या मासिकात आपल्या चित्रपटांतल्या दिवसांच्या आठवणी क्रमशः लिहिल्या होत्या. पाकिटाच्या पाठीची हकीकत आपल्याला कळते ती तिथूनच. आपण ज्या पाचशेएक चित्रपटांत काम केलं त्यांतले मोजके सोडले तर बाकी सगळे आपणच लिहिले, असा दावा तिने त्यात केला आहे. आकडा फुगवलेला असेल, म्हाताऱ्या माणसांचे आकडे फुगतात (माझेही!). पण ज्या धंद्यात नावं छापतच नव्हते त्यात हिशेब तपासायचा कशावरून? या आठवणी लिहिल्या नसत्या तर 'तो इसम' कोण, हे सांगायला आज कोण उरलं असतं! पुढे तिने दोन कादंबऱ्या लिहिल्या. १९६६ च्या डिसेंबरात मेक्सिकोतल्या क्वेर्नावाका इथे ती वारली.

खटल्याला मात्र मरण नाही. १९८४ मध्ये घरोघरी व्हिडिओ रेकॉर्डर आले, त्यावर चित्रपट उतरवून घेतले तर यंत्र विकणारी सोनी कंपनी दोषी का, असा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा कॅलेमचा निकाल पुन्हा काढला गेला. २००५ मध्ये इंटरनेटवरून गाणी-चित्रपट फुकट वाटणाऱ्या ग्रॉकस्टर कंपनीच्या खटल्यातही त्याचा दाखला दिला गेला. कायदा शिकणाऱ्या अमेरिकन मुलांना तो आजही वाचावा लागतो. त्यात ते वाक्य जसंच्या तसं आहे. 'मॅन'.

१९०७ चा 'बेन हर' पाहायचा असेल तर नातवंडांना सांगा, ती लावून देतील. पंधरा मिनिटांचा आहे, चहा गार व्हायच्या आत संपतो. कौल पडतं ते दृश्य चुकवू नका.